मंडईची खोली

दिवाळी सरली की चंद्रपुरातल्या बाकीच्या शिंपिणी मशीनवर कापड टाकतात आणि चार दिवस पाय लांब करतात. माझ्याकडं गर्दी सुरू होते ती तेव्हाच. नदीपलीकडच्या, धानाच्या गावांत माहेर असलेल्या बाया ब्लाऊजपीस घेऊन दारात उभ्या राहतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "ताई, मंडईच्या आत पाह्यजे बरं." कुणाची मंडई सोमवारी, कुणाची गुरुवारी. मापाच्या वहीपेक्षा मला गावांच्या मंडयाच जास्त पाठ आहेत. ज्या बाईला सासरी वर्षभर कुणी "जेवलीस का" विचारलेलं नसतं, तीसुद्धा या दिवसांत माझ्याशी हुकूम सोडल्यासारखी बोलते. माहेरी जायच्या आधी बाईचा आवाज बदलतो. मी हसते आणि दोरा ओवते.

ज्यांना मंडई माहीत नाही त्यांना ती सांगणं अवघड आहे. धान कापून होतं, गावात एका दिवसाची जत्रा भरते, जिलेबीचे आणि शिंगाड्यांचे ढीग लागतात, रात्री नाटक असतं. पण एवढं सांगून काहीच सांगितलं जात नाही. मंडई म्हणजे पाहुणे. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात लेकी, जावई, आत्या, आत्यांच्या सुना आणि त्या सुनांची पोरं येऊन पडतात. घर केवढं आहे हे कुणी बघत नाही. ज्याच्या घरी मंडईला पाहुणा आला नाही, तो दुसऱ्या दिवशी पारावर बसायला लाजतो.

आमच्या गावच्या घराला, चामोर्शीच्या अलीकडं, अंगणाच्या कडेला एक खोली आहे. वडिलांनी ती पाहुण्यांसाठीच बांधली होती. नाव मंडईची खोली. वर्षभर तिच्यात धानाची पोती, कोळपणीच्या डवऱ्याचे दांडे आणि आईच्या लग्नातली लोखंडी पेटी असे. मंडईच्या आदल्या दिवशी आई पोती ओसरीत काढायला लावी, जमीन शेणानं सारवून घेई, आणि नव्या धानाची तणस, म्हणजे वाळका पेंढा, टोपल्यांनी आणून आत पसरी. त्यावर गोधड्या. त्या तणशीवर झोपल्यावर हलकं कुरकुर वाजायचं, पाठीला ऊब लागायची आणि नाकात धानाचा वास भरायचा. लग्न झाल्यावर मी गाद्यांवर झोपले, पलंगावर झोपले, पण इतकी गाढ झोप मला दुसरीकडं कुठं लागली नाही. सासरची झोप एक डोळा उघडा ठेवून असते. हे विधान मी सगळ्या गिऱ्हाइकांना विचारून केलेलं आहे.

वडील गेल्यावर घर धाकट्या भावाकडं, देवाकडं आलं. देवा सरळ माणूस. दोन पिकांमध्ये जेमतेम भागवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा पोरगा नागपूरला शिकायला गेला आणि घराला दर महिन्याला लागणाऱ्या पैशाची पहिल्यांदाच गरज पडली. धान वर्षातून एकदा पैसा देतो, कॉलेज दर महिन्याला मागतं. तेव्हा खोली भाड्यानं द्यायची कल्पना आईचीच. गावात दवाखाना झाला होता आणि तिथं बदलून आलेल्या नर्सबाईंना राहायला जागा मिळत नव्हती. देवा कचरत होता, लोक काय म्हणतील म्हणून. आई त्याला म्हणाली, "खाली खोली काई अंडे देऊन राह्यली का? लोकाइले काय, लोकं दोन्हीकून बोलते."

तर अशी अश्विनी आमच्या घरात आली. सांगलीकडची पोरगी, नोकरीसाठी इतक्या लांब जंगलाच्या मुलखात एकटी. गाव तिला सिस्टर म्हणे, आई सिस्टरबाई म्हणे. आईनं कुलूप नवीन आणलं, एक किल्ली तिला दिली आणि दुसरी स्वतःच्या कमरेला लावली. "एक चाबी माह्यापाशी राहू दे बाई, आग-बिग लागली तं?" अश्विनीला ते पटलं. पहिलं भाडं हातात आल्यावर आईनं काय घ्यावं? दोन जाड ब्लँकेट. मंडईच्या पाहुण्यांसाठी! मी फोनवर पोट धरून हसले. खोली भाड्यानं दिल्यावर पाहुणे झोपणार कुठं, हा प्रश्न तिला पडलेलाच नव्हता.

तो प्रश्न तिला मंडईलाही पडला नाही. अश्विनी दिवाळीच्या रजेवर घरी गेली होती. मी आदल्या दिवशी पोचले तेव्हा आईनं कमरेची किल्ली काढून खोली उघडली होती. अश्विनीची लोखंडी खाट भिंतीला उभी केली होती, खुर्चीवर टेबल, टेबलावर बॅग, आणि खाली तणस. मी म्हटलं, "आई, असं करू नये. ती भाडं देते." आईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी मंडईला पाहुण्यांनी येऊ नये असं म्हणाले होते. "ते नाई ना इथी. खोली खालीच हाये. अन असती तरी का?" मग सुभद्रा आत्या आली, वडिलांची बहीण, आपल्या सुना-नातवंडांसह. पोरांना अश्विनीची पावडर सापडली आणि सगळी पोरं पिठात लोळल्यासारखी दिसू लागली. आत्यानं आपलं ओलं लुगडं तिच्या दोरीवर वाळत टाकलं. मलाही लाज किती वेळ टिकवता येणार? जेवण झाल्यावर मी तिच्याच उशीला टेकले.

आणि दुसऱ्या दिवशी, मंडईच्या दिवशीच, दिवेलागणीला अश्विनी दारात उभी. दवाखान्यातून फोन आला म्हणून ती रजा सोडून आली होती. खांद्यावर बॅग, डोळ्यांत प्रवासाची झोप, आणि समोर तिच्या खोलीत ही अख्खी वस्ती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अश्विनी हळूच म्हणाली, "आजी, ही माझी खोली आहे ना?"

आई म्हणाली, "तुहीच हाये. कोन नाई म्हनते? पन आज मंडई हाये."

अश्विनीचे डोळे भरून आले होते, आता रडते की काय असं वाटलं. तेवढ्यात आत्या ओरडली, "सरका वो पोट्टेहो, माणूस उभं हाये अन तुमी पसरून राह्यले." पोरं सरकली. बसायला जागा झाली. अश्विनी बसली, बूट काढले, आणि तणशीवर हात फिरवून म्हणाली, "हे काय आहे? गवत?" आईनं तिला जिलेबी दिली. थोड्या वेळानं आत्यानं आपला गुडघा तिच्यापुढं केला. मग रक्तदाब मोजायचं यंत्र बॅगेतून निघालं आणि आत्यामागं सगळ्या बायका दंड उघडे करून रांगेत बसल्या. ज्यांना काही होत नव्हतं त्याही बसल्या. झोपताना ती माझ्या नि आत्याच्या मध्ये होती. तिला नाटक बघायला नेलं, तर ती दुसऱ्याच अंकाला आईच्या खांद्यावर झोपली, असं आई नंतर कितीतरी महिने गावभर सांगत फिरली.

मला आज वाटतं, आई चुकली होती. भाड्यानं दिलेली खोली उघडणं चूकच. शहरात कुणी असं केलं तर पोलिसात तक्रार होईल आणि व्हायलाही हवी. पण तिच्या हिशोबात खोली देणं म्हणजे खोली जाणं नव्हतंच. खोलीत एक माणूस वाढलं, एवढंच तिला कळलं होतं. मला अशी चूक करता येणार नाही. देवालाही नाही. ती चूक करणारी पिढीच एकेक करून उठून चालली आहे, आणि आमच्यासारख्या बरोबर वागणाऱ्या माणसांच्या घरात जागा कमी कमी होत चालली आहे.

आई पुढच्या पावसाळ्यात गेली. तापानं. दोन दिवसांचंच दुखणं. नदीला पूर होता, रस्ते बंद, मी चंद्रपूरच्या बसस्टँडवर बसून परत आले आणि पुन्हा गेले आणि पुन्हा परत आले. पाणी उतरेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मी पोचले तेव्हा अंगण रिकामं होतं आणि सुनंदा, देवाची बायको, मला धरून रडत म्हणत होती, "सिस्टर होती ताई, सिस्टर सारा वेळ जवळच होती." मी अश्विनीकडं पाहिलं. तिनं खाली पाहिलं. त्या क्षणी मला तिचा राग आला होता. कसला, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. माझ्या आईच्या तोंडात शेवटचं पाणी तिनं घातलं होतं, याचा राग माणसाला कसा यावा? पण आला.

त्या वर्षी घरात मंडई झाली नाही. वर्षश्राद्ध आटोपलं आणि गेल्या वर्षी सुनंदाचा फोन आला, "ताई, मंडईले येजा बरं. येनंच हाये तुमाले." 'माय मेली, माहेर गेलं' असं बाया म्हणतात, मीही कितीदा म्हटलं असेल ते, दुसरीच्या दुःखावर मान हलवत. पण फोन आल्यावर माझ्या मशीनचा आवाज बदलला, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं.

बसमधून उतरले, अंगणात शिरले, आणि पाय आपसूक खोलीकडं वळले. पायरीवर पिशवी ठेवली. दाराला निळा पडदा होता. पडद्याखाली पांढऱ्या चपला. आतून रेडिओसारखा मोबाईलचा आवाज. मी उभीच राहिले. सुनंदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली, "तिकडं नोका ठेवू ताई. इकडं या, आमच्या खोलीत तुमची सोय केली." तिनं पिशवी उचलली. त्यांची झोपायची खोली माझ्यासाठी रिकामी केली होती. पलंगावर नवी चादर, पायाशी आईच्या त्या दोन ब्लँकेटांपैकी एक, नीट घडी घालून ठेवलेलं. ते दोघं स्वयंपाकघरात झोपणार होते. चहा आला तो ट्रेमध्ये. बिस्किटं बशीत लावलेली.

"आत्या कधी येणार?" मी विचारलं.

"ते नाई येत म्हने," देवा म्हणाला. तो दारातच उभा होता, टोपी हातात. "फोन केल्ता मी. म्हने, जागा कुठी हाये बापा, तुमाले तरास. आता मी काय म्हनू? सिस्टरची खोली का उघडू? भाडं घेतो आपन. चांगलं दिसते का ते?"

"नाही दिसत," मी म्हटलं. खरंच नाही दिसत.

स्वयंपाकघरात आयते चालले होते, तांदळाच्या पिठाची धिरडी. तव्यापाशी अश्विनी बसली होती. सांगलीची पोरगी आयते घालत होती आणि सुनंदा तिच्यावर ओरडत होती, "अवो, किती जाड टाकून राह्यली! पातळ टाक ना. कितीदा सांगतलं तुले?" अश्विनी हसत होती, "वहिनी, तुमचा तवाच वाकडा आहे." सुनंदानं तिच्या डोक्यात टपली मारली. मी पदर खोचला आणि खाली बसले, "दे इकडं, मी टाकते."

सुनंदानं माझा हात धरून मला उठवलं. अगदी प्रेमानं. "राहू द्या ताई. तुमी पाहुन्या हा. बसा आरामानं."

आई असताना मी दारात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य असे, "आली का? ते कांदे चीर." पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं घ्यायचं. भाजी खारट झाली तर चारचौघांत बोलणी खायची. मला तेव्हा राग यायचा, इतक्या लांबून आले तर कुणी बस म्हणत नाही. बस म्हणत नाहीत तेच आपलं घर, हे मला ट्रेमधला चहा पिताना कळलं. माणसाला कुठं टपली बसते ते बघावं. मी त्या नव्या चादरीवर बसले, भिंतीकडं तोंड केलं, आणि थोडं रडून घेतलं.

कुणाशी भांडावं, तर कुणाशी? देवा बरोबर होता. सुनंदानं तर स्वतःची खोली मला दिली होती. अश्विनी भाडं देत होती, वेळेवर देत होती, आणि त्या पैशावर माझा भाचा शिकत होता. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. एखाद्यानं तरी चुकायला हवं होतं. मी आरडाओरडा केला असता, देवानं मनवलं असतं, सुनंदानं तोंड फुगवलं असतं, आणि जेवायच्या वेळेपर्यंत सगळं जागेवर आलं असतं. पण भांडायलाही माहेर लागतं.

संध्याकाळी अश्विनीनं मला आत बोलावलं. "ताई, या ना खोलीत. चहा घ्या माझ्याकडं." मी माझ्या बापानं बांधलेल्या खोलीत पाहुणी म्हणून गेले. फरशी बसवली होती. खुंटीला तिचे पांढरे कपडे. आईची पेटी कोपऱ्यात होती, तिच्यावर धुतलेलं कापड आणि गॅसची शेगडी. एकच खुर्ची होती, ती तिनं मला दिली आणि स्वतः खाटेवर बसली. थोडा वेळ आम्ही दवाखान्याविषयी बोललो. मग तीच म्हणाली, "ताई, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. त्या वेळी तुमच्याकडं बघवत नव्हतं, म्हणून नाही बोलले."

मी कप खाली ठेवला.

"आजींना शेवटच्या दिवशी तापात भान नव्हतं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि त्यांना वाटत होतं मंडई आहे. सारख्या म्हणत होत्या, माही पोट्टी येऊन राह्यली, तणस घाला, तणस घाला. वहिनी समजावत होत्या की आता पाऊस आहे, मंडई नाही. त्या ऐकेचनात. उठायला लागल्या. मग मी दादांना सांगितलं, आणा. गोठ्यातली जुनी तणस आणली, ओलसरच होती. इथं माझी खाट उभी केली, खाली पसरली, वर माझी चादर घातली. दादांनी आजींना दोन्ही हातांवर उचलून दारापर्यंत आणलं आणि दाखवलं. त्यांनी बघितलं. म्हणाल्या, हाव, आता बरं झालं. मग पाणी मागितलं. नंतर काही बोलल्या नाहीत."

मी विचारलं, "अजून काय म्हणाली?" मला आणखी पाहिजे होतं. ती कोणत्या कुशीवर होती, तिनं माझं नाव घेतलं की नुसतं पोट्टी म्हणाली, तणस किती होती, तिला हसू आलं का. अश्विनीला जेवढं आठवत होतं तेवढं तिनं सांगितलं. फार नव्हतं. मग दवाखान्यातून बोलावणं आलं आणि ती चपला घालून पळाली. मी तिच्या खोलीत एकटी बसून राहिले. खाली फरशी होती, गार. जिथं ते अंथरूण घातलं असेल तिथं मी पाय टेकवून पाहिले. आईनं माझी जागा करून ठेवली होती. मी तिथं झोपायला पोचले नाही. पूर होता, हे खरं आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही.

रात्री नवीन चादरीवर मला झोप लागली नाही. लांबून नाटकाच्या पेटीचे सूर येत होते. सुनंदा दोनदा येऊन विचारून गेली, "ताई, पांघरून पुरते ना?" पुरत होतं.

यंदाही ब्लाऊज आलेत. लाल, मोरपंखी, एक आंब्याच्या कोवळ्या पानाच्या रंगाचं. एक म्हातारी परवा आली, सत्तरीच्या पुढची असेल. तिला म्हटलं, "आजी, तुमचं माहेर कोण चालवतं आता?" म्हणाली, "भाच्याचा पोरगा. मले वळखतबी नाई धड. पन मी जातो. न जाऊन कशी राहू?" तिच्या ब्लाऊजला मी आतून दुहेरी शिलाई घातली. पैसे नेहमीचेच घेतले, नाहीतर तिनं कारण विचारलं असतं. मी स्वतः जाईन की नाही, मला माहीत नाही. गेल्या वर्षीच्या त्या सकाळपाशी आलं की माझा विचार थांबतो.

त्या सकाळी मी निघाले तेव्हा देवा शेतावर होता. मळणीचं यंत्र त्याच दिवशी मिळालं होतं आणि यंत्र कुणाच्या बहिणीसाठी थांबत नाही. त्यानं शेतातूनच फोन केला, "ताई, जाजो बरं सांभाळून," आणि मागं यंत्राची एवढी घरघर होती की बाकीचं ऐकूच आलं नाही. सुनंदानं नव्या तांदळानं ओटी भरली आणि पाया पडली. अश्विनी दवाखान्यात निघालीच होती, तिनं माझी पिशवी उचलली आणि फाट्यापर्यंत सोबत आली. वाटेत तिला सगळे ओळखत होते. "कोन वो सिस्टर?" एका बाईनं माझ्याकडं बोट करून विचारलं. नवीन सून असेल कुणाची. "दादांची मोठी बहीण," अश्विनीनं सांगितलं.

बस आली. तिनं पिशवी वर दिली, माझा हात खिडकीतून धरला. तिचे डोळे खरोखर भरले होते, त्यात काही खोटं नव्हतं. म्हणाली, "ताई, पुन्हा या हं. संकोच करू नका. आपलंच घर समजा."

त्या घराच्या अंगणात माझी नाळ पुरलेली आहे, हे तिला कुणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही. "येईन," म्हटलं, आणि हात सोडवून घेतला.